चार मिलिमीटरचा फरक आणि आमचे अंध गिऱ्हाईक

कापडाच्या धंद्यात डोळ्याइतकीच बोटे चालतात, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. थानाची घडी सोडण्यापूर्वी आपण कापड अंगठा व तर्जनीमध्ये धरून चोळतो. लठ्ठा आहे की पॉपलिन, सूत शुद्ध आहे की त्यात पॉलिएस्टरची भर आहे, खळ किती दिली आहे, हे बोट सांगते. डोळा तर दिव्याच्या उजेडात फसतो. तथापि ज्या बोटावर आम्ही लाखाचा माल उचलतो, त्या बोटाला देशाची नोट ओळखता येते काय, हा प्रश्न आम्हाला वयाच्या पन्नाशीपर्यंत कधी पडला नव्हता. तो कसा पडला हेच आज लिहावयाचे आहे. गोष्ट आमच्या गल्ल्यावरची आहे आणि चूक आमचीच आहे, त्यामुळे लिहिण्यास संकोच नाही.

श्रीवर्धनच्या बाजारात आमचे पिढीजात दुकान आहे. जवळच्या गावातील एक गृहस्थ वीस-बावीस वर्षांपासून आमचे गिऱ्हाईक आहेत. जन्मतः अंध. लहानपणी मुंबईत अंधांच्या शाळेत शिकले, पुढे कुरआन पाठ केले, म्हणून सर्व गाव त्यांना हाफिजजी म्हणते. कापडाची त्यांची पारख अशी की आमचा नोकर जुन्या थानाच्या जागी नवे थान पुढे करतो तेव्हा हाफिजजी किनार चाचपून सांगतात, "हे मागच्या गिरणीचे नाही." एकदा आम्ही टू बाय टू म्हणून आणलेला माल त्यांनी चोळून पाहिला व म्हणाले, "शेठ, यात सूत कमी, नायलॉनचा गुळगुळीतपणा जास्त." तपास केला तर खरे निघाले. घाऊकवाल्याने आम्हाला फसवले होते आणि डोळसांपैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

२०१८ चा रमजान. ईद जवळ आलेली, दुकानात पाय ठेवण्यास जागा नाही. हाफिजजींनी तीन मीटर लठ्ठा घेतला, साठ रुपये मीटरप्रमाणे एकशे ऐंशी झाले. त्यांनी खिशातून घडी केलेली नोट काढली, बोटांवर मोजली आणि म्हणाले, "घे बेटा, दोनशे." गल्ल्यावर आमचा पुतण्या होता. त्याने नोट गल्ल्यात टाकली आणि वीस रुपये परत दिले. रात्री हिसाब जुळवला तर रोकड तीनशे रुपयांनी जास्त. कमी आली तर घरातले सगळे जागे होतात. जास्त आली की कोणाला झोप मोडावीशी वाटत नाही! पण आमच्या वडिलांची शिस्त अशी की जास्तीची रोकडसुद्धा चूकच धरायची. पावत्यांवरून एकेक व्यवहार आठवून पाहिला. नोट पाचशेची होती. पुतण्या म्हणाला, गर्दीत घडी उलगडून पाहिली नाही, हाफिजजी दोनशे म्हणाले म्हणून दोनशे धरली. आम्ही त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर स्कूटर काढून आम्ही तीनशे रुपये घेऊन त्यांच्या घरी गेलो. मनात आपण मोठी नेकी करीत आहोत असाच भाव होता, हे कबूल केले पाहिजे. हाफिजजींनी पैसे घेतले आणि म्हणाले, "तुम्ही आलात, अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. पण शेठ, जे आले नाहीत त्यांचा हिसाब मी कसा ठेवू?"

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नापतोलात कसूर करू नये हे आम्हाला लहानपणापासून शिकवले गेले. परंतु त्या दिवशी कळले की दुकानदार इमानदार असणे एवढ्याने भागत नाही. गिऱ्हाईकाला आपला पैसा आपणच ओळखता यावा, त्यासाठी त्याला दुकानदाराच्या इमानावर विसंबून राहावे लागू नये. ते इमान चांगले असले तरीही.

नोटेच्या आकाराची कहाणी

हाफिजजींनी मग आम्हाला त्यांची रीत दाखवली. अंधांच्या शाळेत मुलांना नोट बोटांच्या पेरांवर मोजण्यास शिकवतात. जुन्या नोटांमध्ये ते शक्य होते. दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, विसाची १४७, शंभराची १५७, पाचशेची १६७, हजाराची १७७. प्रत्येक वेळी दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटरची पायरी. पन्नासची लांबी विसाएवढीच, १४७. परंतु विसाची रुंदी ६३ आणि पन्नासची ७३, म्हणजे तिथेही एक सेंटिमीटर. आपण मीटरपट्टी हाताळणारे लोक. एक सेंटिमीटर म्हणजे काय ते आपल्या हाताला माहीत आहे. कापडात तेवढा फरक आंधळ्या बोटालाही कळतो.

याखेरीज १९९६ पासून निघालेल्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर, दहाची सोडून, उठावाची एक खूण होती. विसावर उभा आयत, पन्नासवर चौकोन, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ आणि हजारावर हिऱ्याचा आकार. आम्ही त्या नोटा वर्षानुवर्षे मोजल्या, पण ही खूण कशासाठी आहे हे कधी पाहिले नाही. आम्हाला वाटे छापखान्याची नक्षी असेल.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि नवी मालिका आली. रांगा, कॅशची टंचाई, आठवड्याचा बंद पडलेला बाजार हे सर्व आपण भोगले आहे, ते उगाळत नाही. त्या गोंधळात एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आली नाही. नोटा लहान झाल्या, आणि त्यांच्यातील फरकही लहान झाले. आता दहाची नोट १२३ मिलिमीटर, विसाची १२९, पन्नासची १३५, शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. हिसाब करून पाहा. दहा व विसात सहा मिलिमीटर, पन्नास व शंभरात सात. पण शंभर व दोनशेत चार, दोनशे व पाचशेतही चारच. जिथे चुकले तर तीनशेचा फटका बसतो तिथे फरक सर्वात कमी! पन्नासपासून पाचशेपर्यंत रुंदी एकच, ६६. चार मिलिमीटर म्हणजे आपल्या सदऱ्याच्या बटणाच्या अर्ध्याहूनही कमी.

आणि त्या २०१८ साली तर जुन्या व नव्या एकत्र फिरत होत्या. जुनी शंभराची १५७ आणि नवी पाचशेची १५०, म्हणजे शंभराची नोट पाचशेहून मोठी. जुनी पन्नासची १४७ आणि नवी दोनशेची १४६. ज्या माणसाने आयुष्यभर "लांब नोट म्हणजे जास्त पैसे" हे पाठ केले, त्याच्या हातातील गजच कोणीतरी रातोरात बदलला होता.

उठावाच्या खुणा नव्या नोटांवरही आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शंभर व त्यावरील नोटांवर त्या आहेत. पन्नास, वीस, दहावर नाहीत. शिवाय कडेला तिरप्या उठावदार रेषा आहेत, शंभरावर चार, पाचशेवर पाच, आणि दोनशेवर चार रेषा व त्यांच्यामध्ये दोन वर्तुळे. कोऱ्या नोटेवर हे बोटाला लागते. परंतु आमच्या किनाऱ्यावर नोट किती दिवस कोरी राहते? कोळणीच्या ओल्या हातातून ती मटणवाल्याकडे जाते, तिथून रिक्षावाल्याकडे, पावसाळ्यात चार महिने खारट दमटपणात राहते. आमच्या गल्ल्यात येते तेव्हा ती धुतलेल्या मलमलीसारखी झालेली असते. तिच्यावर त्रिकोण आहे की वर्तुळ, हे हाफिजजींच्या बोटालाही सांगता येत नाही. कडा झिजून दुमडतात आणि त्यात त्या चार मिलिमीटरपैकी दोन गेलेले असतात.

उर्दू शाळेत शिकल्यामुळे आम्हाला नोटेबद्दल लहानपणापासून एक अभिमान होता. मागील बाजूस भाषांची जी पट्टी आहे तीत पंधरा भाषांमध्ये रक्कम लिहिलेली असते, मराठी, कोंकणी आणि सर्वांत खाली आमची उर्दू. पुढील हिंदी-इंग्रजी धरून सतरा भाषा झाल्या. ज्याला जी लिपी येते त्याने त्या लिपीत वाचावे, ही दृष्टी ज्यांनी नोटेत घातली त्यांचे मन मोठे होते. बोटाची लिपी मात्र झिजून जाते.

कोर्टात गेलेला प्रश्न

हा प्रश्न हाफिजजींचा एकट्याचा नव्हता. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने नव्या नोटा व नाणी अंधांना ओळखता येत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१९ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारले की नोटांचा आकार व वैशिष्ट्ये वारंवार बदलण्याचे कारण काय. प्रश्न साधा आहे, पण विचारायला कोर्टच लागले.

त्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. ७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एक, दोन, पाच, दहा व वीस रुपयांच्या नव्या नाण्यांची मालिका निघाली. किंमत वाढेल तसा आकार व वजन वाढेल असे ठरवून ही नाणी घडवलेली आहेत, त्यात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा सहभाग होता. रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. वीसचे नाणे दहाएवढेच रुंद, परंतु त्याला बारा कोन दिले आहेत, त्यामुळे बोट लावताच कळते. याच्या आधीचा प्रकार आठवा. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे आणि पाचाचे २३ मिलिमीटरचे होते. पाचापेक्षा दोन मोठे! डोळस माणूसही रात्री एसटीत कंडक्टरला चुकीचे नाणे देत असे. नवी नाणी चांगली आहेत, पण नवे नाणे आले म्हणून जुने बाजारातून जात नाही. आमच्या गल्ल्याच्या वाटीत आजही तीन पिढ्यांची नाणी एकत्र नांदतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवर चालणारे "मणी" हे ॲप, रिझर्व्ह बँकेने ते १ जानेवारी २०२० रोजी सुरू केले. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरला की फोन बोलून सांगतो किती रुपयांची. नोट दुमडलेली असली तरी चालते, इंटरनेट लागत नाही. खरी-खोटी मात्र ते सांगत नाही. हाफिजजींच्या नातवाने ते त्यांच्या फोनमध्ये टाकून दिले. इंटरनेट लागत नाही याचे मोल आम्हाला त्याच वर्षी कळले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची कौले गेली, सुपारीच्या व नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, टॉवर बंद. आपले ऑनलाइन पेमेंट एका दुपारी संपले आणि पुन्हा नोटेचे राज्य आले. त्या दिवसांत ज्याच्या फोनमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती त्याला नोट ओळखता येत होती. बॅटरी संपली की पुन्हा बोट आणि ते चार मिलिमीटर.

म्हणून आम्ही फोनवरच्या उपायाला पूर्ण उपाय मानीत नाही. फोन हा ज्याच्याजवळ आहे त्याचा. नोट सर्वांची.

बाहेरचे देश काय करतात तेही पाहावे. अमेरिकेच्या डॉलरच्या सर्व नोटा एकाच आकाराच्या आहेत, एकाची असो वा शंभराची. २००८ साली तेथील अपील कोर्टाने म्हटले की हा अंधांवर अन्याय आहे. आपल्या कोकणातील अर्ध्या घरांचा चरितार्थ ज्या आखातावर चालतो, तिकडे संयुक्त अरब अमिरातीने २०२१ च्या अखेरीस पन्नास दिरहमची जी पॉलिमरची नोट काढली तिच्यावर ब्रेलच्या खुणा आहेत. सुटीवर येणाऱ्या मुलांनी ती नोट घरी दाखवावी. प्लास्टिकची असल्याने ओल्या हाताने तिचे विशेष बिघडत नाही, ही आमच्या किनाऱ्याच्या दृष्टीने विचार करण्यासारखी बाब आहे.

मार्का नसलेली गाठ

आता कोणी म्हणेल, शेठ, नोटेचे काय घेऊन बसलात, सर्व व्यवहार फोनवर झाला. झाला खरा. आमच्याही गल्ल्यावर चौकटीचा कोड लावला आहे व पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी ठेवली आहे. ती पेटी दुकानदाराच्या सोयीसाठी निघाली, कारण गर्दीत प्रत्येकाचा फोन पाहता येत नाही. पण तिचा मोठा फायदा हाफिजजींना झाला. किती रुपये गेले ते त्यांना स्वतःच्या कानाने ऐकू येते. कोणाला विचारावे लागत नाही.

याच पेटीची दुसरी बाजू आमच्या शेजारच्या दर्जीभाईंनी दाखवली. त्यांना ऐकू येत नाही. पेटी ओरडते पण त्यांच्यासाठी ती मुकी. एका गिऱ्हाईकाने फोनवर जुन्या पेमेंटचे चित्र दाखवले, दर्जीभाईंनी ते खरे धरून दोन शिवलेले कुर्ते दिले, पैसे आलेच नव्हते. त्यांना आकडा दाखवणारा पडदा असलेली पेटी हवी होती. एकाला आवाज हवा, दुसऱ्याला अक्षर हवे. वस्तू करणाऱ्याने दोन्ही वाटा ठेवल्या तर दोघांचे चालते, आणि आपण जे बहिरेही नाही व अंधही नाही त्यांना गर्दीत दोन्हींचा उपयोग होतो.

पैसे देण्याच्या ॲपचे पाहा. अंध माणूस फोन वापरतो तो कानाने. फोनमध्येच अशी सोय असते की बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते फोन बोलतो. हाफिजजींनी एक ॲप उघडून आम्हाला ऐकवले. फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण." पाच जागी बोट ठेवले, पाचही वेळा तेच. कारण ॲप करणाऱ्याने त्या जागांना नाव दिलेले नाही. डोळ्याला तेथे चित्र दिसते, कानाला काही नाही. आम्हाला आमचे गोदाम आठवले. मार्का न मारलेल्या पन्नास गाठी गोदामात उतरवल्या तर हमाल काय करील? प्रत्येक गाठ फोडून पाहील. गाठीला मार्का मारण्यास किती वेळ लागतो? शाईचा एक हात. ॲपच्या बटणाला नाव देणे हे तेवढेच काम आहे असे जाणकार सांगतात, पण तो हात मारायचा राहून जातो. मग वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, इतक्या सेकंदात आकडा टाका, अशा अटी. हाफिजजींचा आकडा निम्मा होतो तोवर वेळ संपतो.

कारागीर बंधूंचा प्रश्न वेगळा आहे, पण भाऊबंदच. दोर वळणारे, जाळी विणणारे, मागावर बसणारे यांचे अंगठे झिजलेले असतात. बँकेच्या प्रतिनिधीकडे आधारवर पैसे काढायला गेले की मशीन अंगठा नाकारते. हात हाच ज्याचा धंदा त्याचा हातच खोटा ठरतो! आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळांची व चेहऱ्याचीही नोंद असते. त्या मार्गाने काम होईल काय, हे प्रत्येकाने तिथेच विचारावे, परत फिरू नये.

चेहऱ्याच्या बाबतीतही एक मोठा निकाल झाला आहे तो सर्वांनी ध्यानात ठेवावा. बँकेच्या खात्यासाठी ओळख पटवताना फोनसमोर पापणी मिटून-उघडून दाखवा असे सांगतात. ज्यांचा चेहरा ॲसिड हल्ल्यात जळाला आहे, त्यांना पापणी मिटता येत नाही. अंधाला कॅमेरा कुठे आहे हे कळत नाही. प्रज्ञा प्रसून व इतर ॲसिडपीडित, आणि अमर जैन हे दृष्टिहीन गृहस्थ, यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि सरकार, रिझर्व्ह बँक वगैरेंना वीस निर्देश दिले. ज्यांचे फोन साधे बटणांचे आहेत त्यांच्यासाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे नावाची सोय आहे, तीत फोन करून, आवाजाच्या सूचना ऐकून पैसे देता येतात. आमच्या बाजारात किती जणांना हे माहीत आहे? आम्हालाही गेल्या वर्षी कळले.

बँकांचे नियमही जुने आहेत, फक्त कोणी वाचत नाही. ४ जून २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले की अंध ग्राहकास चेकबुक, एटीएम, लॉकर या सर्व सोयी भेदभाव न करता द्याव्यात. १ जुलै २०१४ पासून बसणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे व ब्रेल कळांचे असावे असाही आदेश आहे. हाफिजजी म्हणतात, एटीएम बोलते, पण कान लावायची तार जवळ नसेल तर मुके. आणि तिथपर्यंत जाण्यासाठी तीन पायऱ्या.

आमची पायरी

पायरीवरून आमच्या दुकानावर यावे लागेल. कोकणात पावसाच्या भीतीने जोते उंच ठेवण्याची रीत. आमचे दुकान रस्त्यापासून दीड फूट वर. निसर्ग वादळात छप्पर व पुढची भिंत गेली, बांधकाम काढावेच लागले, तेव्हा गवंड्याला म्हटले, पायऱ्यांसोबत उतार कर. त्याने दोन फळ्या टाकल्यासारखा उभा उतार काढून दाखवला. माहितगाराने सांगितले की चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे आम्हाला अठरा फूट हवे. रस्ता आपल्या बापाचा नाही. शेवटी बाजूच्या आमच्याच गल्लीतून भिंतीला लागून उतार घेतला, जांभ्याचा, खडबडीत ठेवला, नाहीतर पावसात शेवाळ धरून माणूस खाली घसरायचा. खर्च आला, घरातून बोलणीही ऐकावी लागली की चाकाच्या खुर्चीवरून वर्षात येतात किती?

पहिल्या आठवड्यात त्या उतारावरून वर आला तो हमाल, गाठीची हातगाडी ढकलत. नंतर गुडघे दुखणाऱ्या सर्व खाला आणि आपा तिकडूनच येऊ लागल्या. पायऱ्या आता फक्त मुले वापरतात, उड्या मारायला. आगरदांडा ते दिघी जी जंगलजेटी चालते तिचेही असेच आहे. तिची फळी खाली टेकते ती मोटारी चढाव्यात म्हणून, पण तिच्यावरून चाकाची खुर्ची चढते, म्हातारी बाई काठी टेकत चढते. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने गेलेल्यांना होडीतून किल्ल्याच्या दारात पाय टाकणे म्हणजे काय ते ठाऊक आहे.

कायद्याचेही दोन शब्द. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, आणि सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्याची जागा व सेवा सर्वांना वापरण्याजोगी असावी असे कलम आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की याबाबतचे नियम नुसते शिफारशीचे नकोत, बंधनकारक करा. तेव्हा आज ना उद्या हे आपल्या दारात येणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. त्यांनाही ईदला कपडे लागतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे कार्डाचे नवे मशीन द्यायला एक एजंट आला. मशीन देखणे, सगळी काच. आम्ही विचारले, आकडे कुठे आहेत? म्हणाला, काचेवर उमटतात. जुन्या मशीनला कळा होत्या, पाचावर एक ठिपका होता, अंध माणूस त्या ठिपक्यावरून आपला गुप्त आकडा स्वतः दाबत असे. काचेवर तो दुकानदाराच्या कानात सांगावा लागेल. आम्ही त्याला सांगितले की रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्व पैसे देण्या-घेण्याची साधने दिव्यांगांना वापरता येतात का हे तपासायला सांगितले आहे. तो म्हणाला, "साहेब, तसा माल मागत कोणी नाही." आम्ही म्हटले, आम्ही मागतो. जुनेच मशीन ठेवले.

आणि नोटेसाठी एक साधन केले. थान गुंडाळायचा जाड पुठ्ठा घेतला, त्यावर एका कडेपासून १४२, १४६ व १५० मिलिमीटरवर खाचा पाडल्या. नोटेचे एक टोक कडेला लावायचे, दुसरे कोणत्या खाचेत बसते ते बोटाने पाहायचे. दोरीने गल्ल्याला बांधून ठेवला आहे. हाफिजजी मागच्या जुम्म्याला आले, पुठ्ठा हातात घेतला, खिशातल्या तीन नोटा लावून पाहिल्या, पुन्हा लावल्या, आणि म्हणाले, "शेठ, दोनशेची खाच सैल झाली आहे. एक मिलिमीटर." पट्टी लावून मोजले. खरोखरच सैल होती. नवा पुठ्ठा उद्या कापायचा आहे.